पोर्टल शीर आणि हिपॅटिक शीर: एक आवक, एक जावक

निफाडकडच्या एका कांदा उत्पादकाने सोनोग्राफीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन ओळींवर बोट टेकवलं. एकीत पोर्टल व्हेन 14 मिमी, दुसरीत हिपॅटिक व्हेन नॉर्मल. "लिव्हरची शीर एकदा मोठी, एकदा नॉर्मल. टायपिंगची चूक झाली का डॉक्टर?"

चूक नव्हती, पण शंका रास्त होती. हिपॅटिक म्हणजे यकृताचं. हिपॅटिक धमनी यकृताला रक्त पुरवते, मग हिपॅटिक शीरही तेच करत असेल, असं मेडिकलच्या पहिल्या वर्षातल्या पोरांनाही वाटतं. प्रत्यक्षात ती रक्त बाहेर नेते. आत आणते ती पोर्टल.

त्यांना मी लासलगावचंच उदाहरण दिलं. गावोगावचे ट्रॅक्टर पेठेत येतात, लिलाव होतो, खळ्यावर माल निवडला जातो, मग ट्रक भरून मुंबईला निघतो. यकृत ही पेठ. आतडी, जठर, स्वादुपिंड आणि पाणथरी (प्लीहा) ही गावं. त्यांचं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात निवडलं जातं. आतड्यांकडून येणारी मोठी शीर आणि पाणथरीकडून येणारी शीर स्वादुपिंडाच्या मानेमागे एकत्र येतात आणि पोर्टल शीर तयार होते. लांबी जेमतेम 8 सेंटिमीटर, पण यकृतात येणाऱ्या रक्ताचा सुमारे 75 टक्के भाग तीच आणते. उरलेलं हिपॅटिक धमनीतून येतं. मात्र धमनीचं रक्त शुद्ध असल्यामुळे ऑक्सिजनचा जवळपास निम्मा वाटा तिचा असतो.

निवडलेला माल तीन हिपॅटिक शिरांतून निघतो: उजवी, मधली, डावी. त्या यकृताच्या वरच्या टोकाला, छातीच्या पडद्याखाली, महाशिरेत उतरतात. तिथून हृदय बोटभर अंतरावर.

(छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी म्हणजे शिवार खरेदी. पेठ टाळून माल थेट रस्त्याला. गिळली तर बराचसा भाग यकृतातच मोडला जातो.)

सोनोग्राफीच्या स्क्रीनवर मी दोन्ही शिरांना ओळखतो ते कडांवरून. पोर्टल शिरेची भिंत पांढरीशुभ्र उमटते, हिपॅटिक शिरेची भिंत जवळजवळ दिसतच नाही, नुसती काळी वाट दिसते. डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी, लावला की फरक ऐकूही येतो. पोर्टलमधलं रक्त संथ, एकसारखं यकृताकडे वाहतं. हिपॅटिकमध्ये हृदयाच्या ठोक्यागणिक पुढेमागे हेलकावे. यकृताचे आठ भाग करायची पद्धत क्लोद कुइनो या फ्रेंच सर्जनने 1957 मध्ये मांडली, तिचा पायाही हाच. पोर्टलच्या फांद्या प्रत्येक भागाच्या मधोमध शिरतात, हिपॅटिक शिरा भागांच्या बांधावरून जातात. यकृताचा तुकडा काढायचा तर सर्जन आधी हे बांध शोधतो.

खरी गंमत जाम झाल्यावर कळते, आणि तो कुठे झाला यावर सगळं अवलंबून असतं.

आवक गेट बंद पडलं, म्हणजे पोर्टल शिरेतच गुठळी झाली, तर पेठ शाबूत राहते आणि रांग मागे गावापर्यंत लागते. पाणथरी फुगते, प्लेटलेट उतरतात. अडलेलं रक्त आडवाटा धरतं: अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, गुदाशयात. (पण म्हणून प्रत्येक मूळव्याध यामुळेच होतो असं नाही. साधा मूळव्याध वेगळा, घाबरू नका.) अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली की माणूस न दुखता ताज्या रक्ताची उलटी करतो. आपल्याकडे हा प्रकार लहान मुलांतही दिसतो. पोरगं खेळत असतं, काविळीचे रिपोर्ट चांगले असतात, आणि एक दिवस घमेलंभर रक्त. सोनोग्राफीत पोर्टलच्या जागी बारीक वळवळणाऱ्या शिरांचा गुंता दिसतो. ट्रॅक्टरांनी स्वतःच पाडलेल्या पायवाटाच त्या.

जावक गेट बंद पडलं तर चित्र उलटं. हिपॅटिक शिरा तुंबल्या की माल पेठेतच साचतो, यकृत सुजतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, पोटात भराभर पाणी होतं. याला बड-किआरी म्हणतात. मूळ बहुधा रक्त गोठण्याच्या दोषात असतं. यात एक खूण मला फार आवडते. यकृताच्या मागच्या बाजूच्या एका छोट्या भागाला महाशिरेत उघडणाऱ्या स्वतःच्या बारीक शिरा असतात. मोठं गेट बंद झालं की हा मागच्या दारावर तग धरतो आणि चांगलाच वाढतो. तो फुगलेला दिसला की मी हिपॅटिक शिरा पुन्हा तपासतो.

सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक आणि गाठाळ होतं तेव्हा, दोन्ही गेटं उघडी असतात, आवारच खडबडीत झालेलं असतं. दाब वाढतो तो आवकेच्या बाजूला. दोन्हींकडच्या दाबातला फरक पाऱ्याच्या 5 मिमीपर्यंत ठीक, 10 ला डॉक्टर सावध होतात, 12 च्या पुढे रक्तस्रावाची भीती असते. सोनोग्राफीत पोर्टल साधारण 13 मिमीपर्यंत चालते. निफाडच्या काकांची 14 भरली, पण श्वास ओढून धरला की ती थोडी रुंदावतेच. पाणथरी नेहमीएवढी, प्रवाह सरळ, म्हणून त्यांना एंडोस्कोपी नको, सहा महिन्यांनी दाखवा एवढंच सांगितलं. प्रवाहच उलटा वाहू लागला असता, ट्रॅक्टर माघारी फिरल्यासारखा, तर एवढ्या निवांतपणे बोललो नसतो.

कधी कधी या दोन शिरा मुद्दाम जोडाव्याही लागतात. मानेतल्या शिरेतून सुई खाली उतरवून हिपॅटिकमधून पोर्टलपर्यंत यकृताच्या आतूनच बोगदा पाडतात आणि त्यात स्टेंट बसवतात. त्याला टिप्स म्हणतात. जाम सुटतो, दाब उतरतो, पोटातलं पाणी ओसरतं. पण पेठेच्या पोटातून बायपास काढल्यावर माल न निवडताच पुढे जाणार. आतड्यातला अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो, माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, हात थरथरतात. म्हणून अशा पेशंटच्या घरच्यांना आम्ही रोज कागदावर त्याची सही घ्यायला सांगतो. सही वेडीवाकडी व्हायला लागली, की फोन न करता थेट घेऊन यायचं.