अंगावरचे पित्त आणि ओठावरची सूज

अंगावर पित्त उठणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात समजावून सांगावे लागत नाही. लालसर, फुगीर, खाजणाऱ्या गांधी उठतात, आमसुलाचे पाणी चोळले जाते, कोणी घोंगडी पांघरायला देते आणि काही तासांत अंग पूर्ववत होते. एक गांधी सहसा 24 तासांच्या आत विरते. तिच्या कडेने पेनने रेघ मारून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी रेघ उरते आणि गांधी भलतीकडेच उठलेली असते. पोटातल्या आम्लपित्ताशी तिचा काही संबंध नाही, तरीही ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहत बसणारी माणसे अजून भेटतात याचे मला वाईट वाटते. त्वचेतल्या ‘मास्ट’ नावाच्या संरक्षक पेशींमधून हिस्टामिन हे रसायन सुटते, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि खाज येते. म्हणूनच सेटिरिझिनसारखी हिस्टामिनला अडवणारी गोळी तिथे लागू पडते.

ओठ, पापणी किंवा जीभ सुजली तरी आपण तिलाही ‘पित्त’च म्हणतो, आणि खरा घोटाळा इथे होतो. या सुजेला अँजिओएडेमा म्हणतात. द्रव तसाच पाझरतो, पण त्वचेच्या खोल थरात. त्यामुळे खाजेपेक्षा ताण आणि ठणका अधिक जाणवतो आणि सूज उतरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. सुजेसोबत गांधीही असतील, तर बहुधा हिस्टामिनचेच काम असते. गांधी एकही नसेल, तेव्हा मात्र थांबून विचार केला पाहिजे.

परभणीत राहणाऱ्या माझ्या मावशीचा खालचा ओठ एका सकाळी इतका सुजला, की चहाची बशी तोंडाला लावता येईना. अंगावर गांधी नव्हती, खाज नव्हती. घरच्यांनी आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भाजीला दोष दिला, आमसूल चोळले, ॲलर्जीची गोळी दिली, आणि दुपारपर्यंत सूज गालावर आली. दोन वर्षांपासून ती रक्तदाबासाठी रामिप्रिल घेत होती. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल अशी ‘प्रिल’ने संपणारी नावे असलेली ही औषधे ज्या विकराला (एन्झाइमला) रोखतात, तोच विकर शरीरातले ब्रॅडिकिनिन, म्हणजे रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरायला लावणारे रसायन, मोडत असतो; ते साचले की काही जणांना अशी सूज येते. तिथे हिस्टामिनचा हात नसल्यामुळे सेटिरिझिन कितीही दिली तरी उपयोग होत नाही. ‘इतकी वर्षे सोसलेली गोळी आता कशी बाधेल?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. पण ही सूज औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी येते तशीच काही वर्षांनीही येते, आणि औषध बंद केल्यावरही काही आठवडे पुन्हा उद्भवू शकते. मावशीचे औषध डॉक्टरांनी बदलले आणि तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘प्रिल नको’ असे लिहिले.

जीभ जड झाली, आवाज बदलला, थुंकी गिळता येईना, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर सूज कोणत्या प्रकारची आहे हे घरी ठरवत बसू नये. 108 ला फोन करावा, आणि निघताना रोजच्या गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत टाकून सोबत न्यावीत.