जुन्या पद्मिनीचा रंग किती मायक्रॉन उरलाय?

जुन्या लाल प्रीमियर पद्मिनी गाडीला पांढऱ्या फडक्याने पॉलिश केलं, की दोन मिनिटांत फडकं लालसर होतं. किती मळ निघाला म्हणून मालक खूश होतात. पण मळ लाल कसा असेल? फडक्यावर आलाय तो गाडीचा रंगच. पॉलिशच्या प्रत्येक हाताबरोबर त्याचा एक पातळ थर कायमचा उतरतो.

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये गेल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या आणि आज घरोघरी जपलेल्या ज्या गाड्या आहेत, त्यांतल्या काहींवर अजून मूळ रंग आहे. मला काळजी वाटते ती या गाड्यांची. उन्हापावसाने त्यांचा रंग जातोच, पण हौसेने केलेल्या पॉलिशनेही जातो.

आजच्या गाडीवर आधी प्रायमर म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सगळ्यात वर रंगहीन 'क्लिअर' असतो. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा-सातवा भाग. त्यात क्लिअर जेमतेम ४०-५० मायक्रॉन. अतिनील किरण शोषणारी रसायनं याच क्लिअरमध्ये असतात. जुन्या एकरंगी गाड्यांना क्लिअर नाही. रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारं राळेसारखं बंधक एकाच थरात असतं आणि तो थर थेट उन्हाला तोंड देतो. मशीनवर एकदा कंपाउंड, म्हणजे घासून काढणारं जाडसर पॉलिश, मारलं की दोन-चार मायक्रॉन सहज जातात. दर दिवाळीला मारलं तर काय होईल, याचा हिशोब करायला कागद लागत नाही. बोनेटच्या कडा आणि दाराच्या उठावदार रेषा यांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, त्यामुळे प्रायमर आधी तिथेच डोकावतो.

हात लावण्याआधी रंग कोणत्या जातीचा आहे हे कळायला हवं. १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर अमेरिकेत ड्युपाँ कंपनीचा 'ड्युको' हा नायट्रोसेल्युलोजचा रंग चढला. त्याआधी वार्निशचे थर वाळवण्यात आठवडे जात, आता काम काही तासांवर आलं. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये अजूनही ड्युको म्हटलं की हाच प्रकार समजतात. यात थिनर उडून जातं आणि लांबलचक रेणू नुसते एकमेकांत गुंतून मागे राहतात, त्यांच्यात नवा रासायनिक बंध होत नाही. म्हणून कितीही वर्षांनी थिनर लावलं तरी तो रंग पुन्हा विरघळतो. तेलावर आधारलेल्या एनॅमल रंगाची गोष्ट वेगळी. त्यातल्या तेलाच्या रेणूंना हवेतला ऑक्सिजन एकमेकांशी जोडत जातो. हे जोडकाम वर्षानुवर्षं थोडंथोडं चालूच राहतं, म्हणून जुना एनॅमल कडक आणि ठिसूळ होतो. गेल्या काही दशकांत पुन्हा रंगवलेल्या गाड्यांवर बहुधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग असतो. त्यात हार्डनरमधलं आयसोसायनेट रंगाच्या रेझिनशी जोडलं जाऊन पक्कं जाळं तयार होतं.

ओळखायची रीत सोपी आहे. डिकीच्या आतल्या बाजूला, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्यावर थेंबभर थिनर घेऊन लावावं. रंग विरघळून बोळ्यावर आला तर लॅकर, म्हणजे ड्युकोच्या जातीचा. सुरकुतला किंवा नुसता मऊ पडला तर एनॅमल. काहीच झालं नाही तर पीयू. बाहेर साध्या पॉलिशने फडक्याला रंग लागला नाही, तर वर क्लिअर आहे. जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर फारच उत्तम. ते पोलादी पत्र्यावर चुंबकत्वाच्या तत्त्वाने चालतं. दारावर १२० आणि शेजारच्या मडगार्डवर एकदम १,००० च्या पुढे आकडा गेला, तर तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

आता रंग फिका का पडतो ते पाहू. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांत बंधकाचे रेणू तोडण्याइतकी ऊर्जा असते. पांढऱ्या रंगात तर टायटॅनियम डायऑक्साइड हे रंगद्रव्यच उन्हात या तोडफोडीला हातभार लावतं. आज त्याच्या कणांवर सिलिका-अॅल्युमिनाचं आवरण चढवतात ते त्यासाठीच. बंधक तुटला की रंगद्रव्याचे कण सुटे होतात, बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी लागते. पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे प्रकाश आरशासारखा एका दिशेने परत न येता सगळीकडे विखुरतो. त्या विखुरलेल्या पांढुरक्या प्रकाशात लाल गुलाबी दिसतो आणि काळा राखाडी.

म्हणूनच टॅक्सीवाल्यांचा तो जुना उपाय लागू पडल्यासारखा दिसायचा: डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने गाडी पुसायची. हवेचा अपवर्तनांक १, रंगाच्या बंधकाचा साधारण दीड, आणि तेलाचा त्याच्या अगदी जवळ. तेल खड्ड्यांत भरलं की प्रकाशाला हवा आणि रंग यांतला खडबडीतपणा जाणवतच नाही. ओली फरशी गडद दिसते ती याच कारणाने. पण डिझेलचा हलका भाग उडून जातो, उरलेल्या चिकटपणावर धूळ बसते आणि असलेलं मेणही धुऊन निघतं. चमक काही तासांची, नुकसान मात्र टिकतं. तेच काम मेण किंवा रंगासाठी बनवलेलं तेलकट ग्लेझ निगुतीने करतं, आणि त्यासाठी काही घासून काढावं लागत नाही. भुकटी फारशी नसेल तर कंपाउंडच्या आधी ग्लेझच करून बघावं, असं मी आग्रहाने सांगेन.

रोजचं सगळ्यात मोठं नुकसान मात्र सकाळी सोसायटीत होतं. एक बादली, एक फडकं आणि ओळीने दहा गाड्या. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणा मोजणाऱ्या 'मोह्स' पट्टीवर त्यांची कठीणता ७, म्हणजे गाडीवरच्या कुठल्याही रंगाहून कितीतरी जास्त. फडक्याखाली सापडलेला प्रत्येक कण ओरखडा काढत जातो. गाडीवर पडलेल्या दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात, ती या ओरखड्यांची. खरं तर ओरखडे हवे तसे, सगळ्या दिशांनी गेलेले असतात. त्यांतले जे प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या दिशेत पडलेत, तेवढेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश फेकतात. डोकं हलवलं की वर्तुळंही सरकतात! तेव्हा कोरड्या गाडीवर फडकं फिरवू नये. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग मायक्रोफायबर आणि गाडीचा शाम्पू घ्यावा, आणि फडकं खळबळायला स्वच्छ पाण्याची दुसरी बादली ठेवावी. पुसणाऱ्या मुलाला दोन वेगळी फडकी आपणच आणून द्यावीत. त्याच्या पगारात तो ती कुठून आणणार?

आता सिरॅमिक कोटिंग. डिटेलिंगच्या दुकानात '९एच' हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो आणि लोकांना वाटतं हा हिऱ्याच्या जवळपासचा कठीणपणा. प्रत्यक्षात ही पेन्सिलची चाचणी आहे. ४५ अंशात धरलेली पेन्सिल ७५० ग्रॅम भाराखाली कोटिंगवरून ढकलतात, आणि ओरखडा न पाडणारी सगळ्यात कठीण पेन्सिल कोणती ते बघतात. ९एच पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि बरीचशी चिकणमाती. वाळूचा कण तिच्यापेक्षा खूप कठीण. सिलिकाचं ते कोटिंग जेमतेम एक-दोन मायक्रॉनचं असतं. त्यावर पाणी मण्यांसारखं टपटप ओघळतं आणि धुणं सोपं होतं, हा फायदा खरा आहे. पण ते लावण्याआधी 'पृष्ठभाग तयार करायचा' म्हणून दुकानदार मशीनवर कंपाउंड मारतो, आणि पुढे ते काढायचं तर पुन्हा तेच. पीयू आणि क्लिअर असलेल्या गाडीला ते चालेल. मूळ ड्युको किंवा एनॅमलवर मी ते मुळीच सुचवणार नाही. शिवाय कोटिंगमधली द्रावकं ड्युकोला मऊ करू शकतात.

जुन्या रंगाला मेणच बरं. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर कार्नोबा मेण तयार होतं. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यातल्या तापलेल्या बोनेटवरही तग धरतं. दोन-तीन महिन्यांत विरतं, मग पुन्हा लावायचं. झिजतं ते मेण, रंग नाही.

बोअरवेलच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली, तर कॅल्शियमचे पांढरे ठिपके उरतात. म्हणून सावलीत धुवावी आणि लगेच टिपून घ्यावी. पक्ष्यांची विष्ठा संध्याकाळपर्यंत ठेवू नये. खरवडूही नये, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून उचलावी.

पावसाळ्यात लक्ष रंगाच्या पृष्ठभागावरून कडांकडे न्यावं. रंगाच्या थरातून पाण्याची वाफ थोडीथोडी आत जातेच. खाली मिठाचा अंश राहिला असेल, आणि कोकण किनारपट्टीवर तो असतोच, तर परासरणाने तिथे पाणी ओढलं जातं आणि फोड येतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग खालून उचलला जातो. क्रोमच्या पट्ट्यांच्या क्लिपा, दाराच्या तळाची पाणी जायची भोकं, पायदानाच्या खालची बाजू ही सुरुवातीची ठिकाणं. भोकं तारेने मोकळी ठेवावीत. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालणं म्हणजे आतली दमट हवा पत्र्याशी कोंडून ठेवणं. हवा खेळणारं कापडी कव्हर घालावं, तेही गाडी धुऊन कोरडी झाल्यावर, नाहीतर खाली राहिलेली धूळ वाऱ्याबरोबर रंग घासत बसते.

इतकं करूनही एखादा भाग रंगवावा लागतोच. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली असावी लागते. तेव्हा सगळी गाडी खरवडून नवी करण्याआधी दहा वेळा विचार करावा. मूळ रंग ड्युको असेल तर त्याच जातीच्या रंगाने तेवढाच भाग करून घेता येतो. नव्या रंगातलं थिनर जुन्या थराला किंचित विरघळवतं आणि सांधा मिसळून जातो. पीयूचा सांधा असा मिसळत नाही, तिथे बहुधा पूर्ण दार किंवा मडगार्ड करावं लागतं. आधी कोणतं पॉलिश वापरलंय ते पेंटरला सांगावं. पॉलिशमधल्या सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला तर नवा रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि छोटे गोल खड्डे पडतात. आणि पीयू मारणार असाल तर गॅरेज निवडताना रंग फवारायच्या खोलीत, म्हणजे बूथमध्ये, डोकवा. आयसोसायनेटच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही उसळतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाने तो फवारा अडत नाही. नळीतून बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क पेंटरकडे आहे का ते विचारा. नसेल तर त्याचा खर्च तुमच्या बिलात धरायला सांगा.