गोळी तीच, मग शुगर का हलते?

दिवाळीनंतर कपाशीची वेचणी लागली की विदर्भातली गावं सकाळीच वावरात पोचतात. त्यात मधुमेहाची गोळी घेणारेही असतात. उन्हाळ्यात हाताला काम नसताना शुगर दोनशेच्या वर, आणि वेचणीत तीच सत्तरच्या घरात! वर गेली की घरचे म्हणतात, "आई, तू चोरून गोड खाल्लं." पुष्कळदा हा आरोप अन्यायाचा असतो.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. शुगर १०० म्हणजे १०० मिलीलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम साखर. तेवढी असेल तर त्या सगळ्या रक्तात साखर जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा. ही विहीर एवढी लहान, की झरा किंवा उपसा थोडा बदलला तरी पातळी हलते. झरे दोन: जेवण आणि यकृत. मोठा उपसा स्नायूंचा.

पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर सोडतं. मधुमेहात इन्सुलिन त्याला पुरेसं आवरू शकत नाही. म्हणून रात्री उपाशी झोपूनही सकाळची शुगर चढलेली दिसते.

आता उपसा. एरवी स्नायूंना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं, पण राबणारा स्नायू त्याच्याविनाही ती ओढून घेतो. काम थांबल्यावरही आपला रिकामा साठा भरण्यासाठी तो कितीतरी तास साखर खेचत राहतो. दिवसभर निंदण केलं की रात्रीही शुगर उतरू शकते, ती यामुळे.

खरी काळजी इथेच आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या जेवलात की नाही हे न पाहता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा फार खाली जात नाही. सकाळी फक्त चहा, त्यावर ग्लिमेपिराइड, आणि शिदोरी सुटते दुपारी एकला. तोवर शुगर ७० च्या खाली गेलेली असू शकते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. वावरात याला "ऊन लागलं" म्हणतात आणि झाडाखाली निजवतात. निजवून भागत नाही. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्यावी, १५ मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी आणि मग भाकर खाऊ घालावी. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीबद्दल गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल हा लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार तुमच्या भागात बराच आढळतो. त्याच्या रुग्णात ही पेशी फार लवकर मरते, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. अशा वेळी ग्लुकोमीटरवरचे रोजचे आकडे जास्त कामाचे.

गोळी आपल्या मनाने बंद करू नये. वहीत शुगरच्या आकड्याशेजारी त्या दिवशीचं काम आणि जेवणाची वेळ लिहावी, आणि हंगाम लागण्याआधीच ती वही डॉक्टरांपुढे ठेवून डोस व वेळ ठरवून घ्यावी. साखरेची पुडी शिदोरीत भाकरीच्या खाली नको, वेगळी पदराला किंवा खिशात असावी. हात थरथरत असताना फडक्याची गाठ सुटत नाही.