फॅट वेगळी, एसएनएफ वेगळा: डेअरीच्या पावतीवरचे दोन आकडे

डेअरीवर दूध घातलं की पावती हातात येते: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ), भाव. खान्देशात बहुतेकांची नजर आधी फॅटवर जाते, आणि भाव पडला की एकच वाक्य निघतं, "फॅट लागली नाही." पुष्कळदा फॅट नीट लागलेली असते आणि घसरलेला असतो एसएनएफ. मग माणूस सरकी ढेप वाढवतो, खर्च वाढतो, आणि आठ दिवसांनी पावती तशीच. दोन्ही आकडे एकाच कॅनमधल्या दुधाचे असले तरी जनावराच्या पोटात त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. एकाला वर नेणारा उपाय कधीकधी दुसऱ्याला खाली ओढतो.

फॅट म्हणजे स्निग्धांश, ज्याची साय धरते आणि तूप होतं. दुधातून पाणी आणि फॅट वजा केल्यावर जे उरतं तो एसएनएफ: प्रथिनं, लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि क्षार. गायीच्या दुधाचा एसएनएफ 8.5 लागला तर त्यात साधारण 3.2 प्रथिनं, 4.6 लॅक्टोज आणि 0.7 क्षार असतात. यातलं लॅक्टोज फारसं हलत नाही. कासेत ते जितकं तयार होतं तितकं पाणी आपल्याबरोबर ओढून घेतं, त्यामुळे लॅक्टोज जास्त झालं तर लिटर वाढतात, टक्का तोच राहतो. क्षारही जवळपास स्थिर. म्हणजे निरोगी जनावराचा एसएनएफ खालीवर होतो तो मुख्यतः प्रथिनामुळे. पावतीवर प्रथिनाला वेगळा भाव नसला तरी एसएनएफच्या रकान्यात आपण त्याचेच पैसे घेत असतो.

मोजण्यातही फरक आहे, आणि भांडणं इथेच होतात. फॅट पूर्वी गर्बर पद्धतीने काढत: 10 मिली गंधकाम्ल, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाईल अल्कोहोल, आणि मग मशीनमध्ये फिरवणं. एसएनएफ मात्र लॅक्टोमीटरच्या, म्हणजे दुधाची घनता दाखवणाऱ्या नळीच्या, रीडिंगवरून हिशोबाने काढतात. बऱ्याच ठिकाणी सूत्र असं असतं: रीडिंग भागिले 4, अधिक फॅटचा पाव भाग, अधिक 0.44. रीडिंग 28 आणि फॅट 3.5 असेल तर 7 अधिक 0.88 अधिक 0.44, म्हणजे 8.3 च्या आसपास. आता गंमत बघा. साय काढली तर लॅक्टोमीटर वर चढतो, पाणी घातलं तर खाली येतो. दोन्ही एकदम केलं तर लॅक्टोमीटर जागच्या जागी! म्हणून नुसत्या लॅक्टोमीटरवर कुणी दूध पास करत नाही, फॅट बरोबर लागतेच. याची दुसरी बाजू अशी की पाणी न घालताही एसएनएफ घसरू शकतो, आणि "दूधमा पानी टाकस का?" हा प्रश्न प्रामाणिक माणसाला ऐकावा लागतो. पाणी घातलं की नाही हे दुधाच्या गोठणबिंदूवरून बरंच नक्की सांगता येतं. गावच्या डेअरीवर ती सोय नसते, पण वाद वाढला तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला सांगावं.

आता पोटातलं. गायी-म्हशीच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, जिवाणू वैरण आंबवतात. कडबा, गवत अशा तंतुमय चाऱ्यातून मुख्यतः ॲसिटिक आम्ल निघतं, आणि दुधातल्या फॅटचा जवळपास निम्मा भाग कास या आम्लापासून बनवते. त्यासाठी जनावराने निवांत रवंथ केलं पाहिजे, दिवसाचे सात-आठ तास. रवंथात लाळ सुटते, लाळेत नैसर्गिक सोडा असतो आणि तो कोठीपोट आंबट होऊ देत नाही. खुराक जास्त, वैरण कमी, किंवा कुट्टी पिठासारखी बारीक झाली की रवंथ घटतं, पोट आंबतं आणि फॅट पडते. मक्याचा भरडा दुप्पट केल्यावर दूध वाढलं पण फॅट 4 वरून 3.2 वर आली, असं होतं ते यामुळे. त्याच वेळी एसएनएफ किंचित वर गेलेला दिसतो, कारण प्रथिनाला हवी असते ऊर्जा. भरड्यातल्या पिठूळ भागावर जिवाणू झपाट्याने वाढतात, पुढे तेच जिवाणू पचतात आणि त्यांच्यातून दुधाच्या प्रथिनाचा मोठा वाटा येतो.

थोडक्यात फॅट चघळण्यातून येते आणि प्रथिन पोटभर ऊर्जेतून.

प्रथिन वाढवायचं तर प्रथिन खाऊ घालावं, हा तर्क अर्धाच खरा आहे. नुसती ढेप वाढवली आणि ऊर्जा कमीच राहिली तर ढेपेतल्या प्रथिनाचा अमोनिया होतो, यकृत त्याचं युरिया करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. म्हणजे जळगावच्या बाजारातून आणलेल्या ढेपेचे पैसे गोठ्याच्या गटारीत. उलट भरडा देऊन प्रथिनच कमी ठेवलं तरी जिवाणूंचं काम अडतं. दोन्ही सोबत लागतं. जळगावला डाळमिल भरपूर, त्यामुळे तूर-हरभऱ्याची चुनी सहज मिळते. सरकी ढेपेचा काही भाग काढून तिथे चुनी आणि मक्याचा भरडा दिला तर एसएनएफला मदत होते. फॅटसाठी सरकी ढेप चांगलीच, कारण तिच्यात तेल उरलेलं असतं. मात्र फॅट लागावी म्हणून गोडेतेल पाजणारे आहेत, त्यांनी ते थांबवावं. मोकळं तेल तंतूंवर बसतं आणि जिवाणूंचं काम मंदावतं, फॅट वाढायच्या ऐवजी घटते. बाजारात मिळणारी बायपास फॅट कोठीपोटात विरघळत नाही म्हणून ती वेगळी. दिवसाला 100 ते 200 ग्रॅम देतात, पण त्यानेही प्रथिनाचा टक्का थोडा उतरू शकतो.

आपल्याकडची वैरण बघा. तापीकाठच्या दादर ज्वारीचा कडबा फॅटला उत्तम, पण नुसत्या कडब्यावर उभ्या जनावराचा एसएनएफ हमखास कमी लागतो, कारण कडब्यात ऊर्जा आणि प्रथिन दोन्ही तोकडी. रावेर-यावलकडे उन्हाळ्यात वैरण संपली की केळीचे खांब चिरून घालतात. खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पोट फुगतं, जनावर गव्हाणीवरून बाजूला होतं, पण अन्न फार थोडं गेलेलं असतं. तिथे दोन्ही आकडे खाली येतात. खांब घालायचाच तर कोरड्या वैरणीत मिसळून, आणि खुराक न तोडता. मक्याचा मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) मात्र दोन्हीकडे उपयोगी: त्यात तंतूही आहेत आणि दाण्यातली ऊर्जाही. खान्देशात मका एवढा होत असताना खड्डा किंवा बॅग भरून न ठेवणं मला तरी आळस वाटतो. कुट्टी बोटाच्या पेराएवढी ठेवावी, त्याहून बारीक नको.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 44-45 वर जातो तेव्हा जनावर सगळ्यात आधी वैरण सोडतं आणि खुराक खातं. फॅट तिथेच घसरते. वैरण पहाटे आणि रात्री घाला, पाणी सतत पुढ्यात ठेवा, खुराकात खाण्याचा सोडा 50 ते 100 ग्रॅम मिसळा. सावली आणि अंगावर पाणी हे एसएनएफसाठीही तितकंच गरजेचं, कारण तापलेलं जनावर एकूणच कमी खातं.

खाण्याशी संबंध नसलेला एक फरक धार काढताना दिसतो. पहिल्या धारेत फॅट 1-2 टक्के असते, शेवटच्या धारेत 7-8 च्या पुढेही जाते. एसएनएफ पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास सारखाच. त्यामुळे शेवटचं दूध वासराला सोडलं किंवा घाईत कासेत ठेवलं तर फॅटच पडते, एसएनएफ हलत नाही. सकाळ-संध्याकाळच्या अंतराचंही तसंच: रात्रीचं अंतर मोठं असेल तर सकाळी दूध जास्त, फॅट कमी. वासराला पाजायचंच आहे, तर पहिल्या धारा पाजा. याला एक रुपयाही लागत नाही.

उलट फॅट ठीक आणि एसएनएफ एकाएकी 8 च्या खाली आला तर आधी सड तपासा. कासदाहात लॅक्टोज आणि केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन घटतं, मीठ वाढतं, दूध जरा खारट लागतं. काळ्या कपड्यावर पहिली धार मारून गुठळ्या दिसतात का बघा. आणि नुकत्याच व्यायलेल्या गायीची फॅट 5 वर गेली, एसएनएफ मात्र उतरला, तर खूश होऊ नका. ती अंगावरची चरबी वितळवून दूध देते आहे, खाणं पुरत नाही. पुढची पायरी कीटोसिसची, म्हणजे ऊर्जा अपुरी पडून होणाऱ्या आजाराची. अशा वेळी डॉक्टरांना बोलवा आणि भरडा हळूहळू वाढवा.

पैशाचा हिशोब टक्क्यात करू नये, किलोत करावा. 10 लिटर दूध 4 फॅटचं म्हणजे 400 ग्रॅम फॅट. 14 लिटर 3.5 चं म्हणजे 490 ग्रॅम. टक्का कमी असूनही दुसरी गाय जास्त देते, तेही जास्त एसएनएफसह. गायीच्या दुधाचा भाव बराच काळ 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरत आला आहे, म्हशीचा 6 आणि 9 धरून. त्याखाली प्रत्येक पॉइंटला (0.1 टक्क्याला) कपात होते, आणि एसएनएफची कपात कुठे कुठे फॅटपेक्षा कडक असते. आपल्या डेअरीचं दरपत्रक मागून घ्या. कुठला आकडा दुरुस्त केल्यावर किती पैसे वाढतात ते त्यातच लिहिलेलं असतं.

वैरणीने फॅट अर्धा-पाऊण टक्का हलते, प्रथिन एखाद-दोन दशांश टक्के. त्यापुढे जातीचं राज्य. एचएफला (होल्स्टीन फ्रिजियन गायीला) 3.5 च्या आसपास फॅट, जर्सीला 4.5 च्या पुढे आणि प्रथिनही जास्त, मुऱ्हा म्हशीला 7. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने एचएफ, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी केली. फॅट आणि प्रथिनाचे टक्के दुधाच्या लिटरांपेक्षा जास्त प्रमाणात आनुवंशिक असतात, म्हणून रेतन करणाऱ्याला नुसतं "भारी वळू दे" म्हणू नये. वळूच्या आईचं दूध किती, तिची फॅट किती आणि प्रथिन किती, तिन्ही विचारावेत. आजच्या रेतनातून होणाऱ्या कालवडीचा आकडा पावतीवर यायला तीन वर्षं तरी लागतात.