सामाईक संगणकावरील खासगी फाइली : दुरुस्तीस देण्यापूर्वी कृपया वाचावे

मुलांचा अभ्यास, वडिलांचे प्राप्तिकराचे विवरण आणि दुकानाची बिले एकाच संगणकावर, अशी स्थिती नौपाड्यातील आमच्या अनेक ग्राहकांकडे आहे. त्यामुळे आपले फोल्डर इतरांपासून सुरक्षित कसे ठेवावे, हे आम्हाला वारंवार विचारले जाते.

फोल्डर ‘हिडन’ करून ते सुरक्षित होत नाही. ‘व्ह्यू’मधील एक पर्याय निवडला की ते पुन्हा दिसू लागते. प्रत्येकासाठी पासवर्डसह स्वतंत्र यूजर अकाउंट काढावे आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ एकच ठेवावा, कारण तो अधिकार असणाऱ्याला इतरांची फोल्डरे उघडता येतात. मोजक्या फाइली असतील तर सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅमने त्यांची पासवर्ड असलेली फाइल करावी, मात्र त्यानंतर मूळ फाइली पुसून रिसायकल बिनही रिकामी करावी.

लॉगिनचा पासवर्ड असला तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडल्यास फाइली वाचता येतात. हे रोखण्यासाठी विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद करणारी सोय आहे आणि होम आवृत्तीच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ ही तशीच सोय असते, जी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करताच अनेकदा आपोआप सुरू होते. खरी अडचण इथेच होते. मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलल्यावर निळ्या पडद्यावर 48 अंकी ‘रिकव्हरी की’, म्हणजे डिस्कचे कुलूप उघडणारा क्रमांक मागितला जातो; ती की असते मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, आणि ते अकाउंट लॅपटॉप घेताना भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून उघडलेले असते. असा एक लॅपटॉप आमच्या टेबलावर चार दिवस नुसता पडून होता, कारण भाच्याला पासवर्ड आठवत नव्हता. ही की मिळाली नाही तर त्या डिस्कवरील फाइली आम्हीच काय, कोणीही उघडून देऊ शकत नाही.

म्हणून संगणक दुरुस्तीस घेताना आम्ही प्रथम ‘की कुठे आहे?’ असे विचारतो आणि ती हाती आल्याशिवाय मदरबोर्डला हात लावत नाही. काहींना ही चौकशी खटकते, परंतु ती आपल्या फाइलींसाठीच आहे. की आम्ही नोंदवून ठेवत नाही, काम संपताच कागद आपल्याकडे परत देतो.

ही की कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. अकाउंट नेमके कोणाचे आहे हे उमगत नसेल, तर लॅपटॉप चालू असतानाच दुकानात आणावा. आपल्यासमोर बसून अकाउंट तपासून, सर्वांची यूजर अकाउंटे उघडून आणि कीची छापील प्रत आपल्या हाती देऊन आम्ही हे काम एकाच भेटीत पूर्ण करतो.