फुंकीव काच (बेळगाव सीमाभाग)

वितळलेल्या काचेचा गोळा पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर उचलून, नळीतून हवा फुंकून घडवलेली काच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठी-कन्नड पट्ट्यात तिचे सर्वांत परिचित रूप म्हणजे कंदिलाची काच. काकणांच्या रूपाने काच या भागात त्याच्या कितीतरी आधीपासून घरोघरी होती. पण काकण फुंकून होत नाही. ‘पारंपरिक काचकाम’ या एकाच नावाखाली दोन्ही गोष्टी घालण्याची सवय पडली आहे, ती दिशाभूल करणारी असल्याने येथे त्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

काचेशी संबंधित जातिवाचक व व्यवसायवाचक शब्दांचा गुंता आधी सोडवावा लागतो. मराठीत काकणे भरणारा तो कासार, कन्नडमध्ये तो बळेगार (बळे म्हणजे काकण). भट्टीवर काच वितळवून काकणे करणारा तो काचारी. हा शब्द ‘काच’पासून सरळ साधतो. कासार हा शब्द मात्र काचेचा नाही. संस्कृत ‘कांस्यकार’ म्हणजे कांसे घडवणारा, ही त्याची व्युत्पत्ती सामान्यतः स्वीकारली जाते. काकणे विकतो म्हणून कासाराचे नाव काचेशी जोडण्याचा मोह होतो, पण सीमाभागातच त्याविरुद्ध चांगला पुरावा आहे. येथील जैन कासारांना कन्नडमध्ये ‘बोगार’ म्हणतात, आणि बोगार म्हणजेही तांब्या-पितळेचे काम करणारा. दोन वेगळ्या भाषाकुळांतले दोन शब्द मुळात धातुकामाचे, आणि दोन्ही समाजांच्या दुकानांत भांडी व काकणे शेजारी शेजारी. यावरून मूळ धंदा भांड्यांचा आणि काकणे त्याला मागाहून जोडली गेली, हा क्रम अधिक संभवनीय वाटतो. बेळगाव शहरातील बोगारवेस या नावात हाच शब्द दिसतो. थोडक्यात, कासार हा विक्रेता. त्याच्या दुकानावरून त्या गावी काचभट्टी होती असे अनुमान काढता येत नाही.

काकणांची प्राचीनता या पट्ट्यालगत कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर नीट तपासली गेली. ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी 1945-46 मध्ये तेथे उत्खनन केले. त्यात बहमनी काळाच्या थरांत काचेच्या रंगीत काकणांचे तुकडे मिळाले. दक्षिणेकडील भट्टीचे जुने प्रत्यक्षवर्णन ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन याचे असून ते 1800-01 च्या प्रवासातले आहे. हल्लीच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातील मत्तोड येथे त्याने खारी माती व पांढरी गारगोटी यांपासून काच होताना पाहिली. त्या जागेचे बेळगावपासूनचे अंतर पाहता हे वर्णन जसेच्या तसे सीमाभागाला लावणे धाडसाचे होईल. कच्च्या मालाची जोडी मात्र दख्खनभर हीच असावी. जुन्या पद्धतीत काचेचा थेंब सळईने भोसकून, मातीच्या शंकूवर फिरवत फाकवला जाई. त्यामुळे काकणाला सांधा नसे. पुढे आलेल्या फिरोजाबादी काकणाला सांधा असतो, कारण तेथे काचेची तार रुळावर वेटोळ्यांनी गुंडाळून कापतात आणि टोके ज्योतीवर जोडतात. जुने काकण नखाने चाचपले तर हा फरक लगेच कळतो. संग्रहातील काकणांची वर्गवारी करताना रंगापेक्षा सांध्याकडे आधी पाहणे योग्य.

फुंकण्याचे तंत्र इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सिरिया-पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीत निघाले, याबद्दल फारसा मतभेद नाही. भारतात ते केव्हा रुजले, हा प्रश्न वादाचा आहे. सातवाहनकालीन स्थळी मिळणारे फुंकीव भांड्यांचे तुकडे रोमन व्यापारातून आलेले की येथेच घडलेले, यावर दोन पक्ष आहेत. आयातीचा पक्ष अधिक सावध व म्हणून ग्राह्य वाटतो. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून, विशेषतः मोगल काळात, देशी फुंककामाचा पुरावा बळकट होतो.

सीमाभागात फुंकीव काच घरोघरी पोहोचली ती स्वदेशीच्या काळात, आणि ती रेल्वेने आली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे 1908 मध्ये काच कारखाना निघाला. त्यानंतर 1916 मध्ये कऱ्हाड स्टेशनजवळ ओगले बंधूंचा ‘ओगले ग्लास वर्क्स’ सुरू झाला. औंधच्या पंतप्रतिनिधींचा त्याला पाठिंबा होता. श्रीपाद व गुरुनाथ ओगले यांच्या वडिलांचे नाव प्रभाकर, आणि कारखान्याचा गाजलेला कंदीलही ‘प्रभाकर’. कारखान्याभोवतीची वस्ती ओगलेवाडी झाली. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा ही तेव्हाची मीटरगेज लाइन कऱ्हाडवरूनच जात असल्याने ओगलेवाडीचा माल आणि खानापूरची बाजारपेठ एकाच रुळावर होत्या. याच लाइनवरील किर्लोस्करवाडी बेळगावातून उठून गेलेल्या कुटुंबाने 1910 मध्ये वसवली, आणि तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. घराण्याने चालवलेला कारखाना आणि त्याच्या नावाची वाडी, हा नमुना समजून घेताना बेळगाव वगळता येत नाही.

कंदिलाच्या काचेची घडण अशी. वाळू, सोडा व चुना यांचे मिश्रण भट्टीत सुमारे 1,400 ते 1,500 अंश सेल्सिअसला वितळवतात. कारागीर नळीचे टोक रसात फिरवून गोळा उचलतो. तो लोखंडी पाटावर घोळवून सारखा करतो, किंचित फुंकून पोकळी धरतो आणि दोन फाळ्यांच्या साच्यात सोडून पूर्ण फुंकतो. साच्याला आतून कोळशाचा लेप देऊन तो भिजवलेला असला, तर काच व लोखंड यांच्यामध्ये वाफेचा थर राहतो. अशा साच्यात नळी फिरवता येते आणि काचेवर सांध्याची रेघ उमटत नाही. काचेवर उठावदार अक्षरे हवी असतील तर मात्र फिरवणे बंद, आणि रेघ राहते. साच्यातून निघतो तो बंद फुगा. वरचे व खालचे तोंड नंतर कापून कडा ज्योतीवर गोल करतात. शेवटी काच काही तास हळूहळू निववावी लागते. ही निववणी चुकली की काचेत ताण राहतो आणि ती कपाटातल्या कपाटात तडकते. हाती फुंकलेली जुनी काच उजेडासमोर धरली की बारीक लांबट बुडबुडे दिसतात, आणि एक बाजू दुसरीपेक्षा जाड लागते.

तापमान एका अंशाने वाढले की सोडा-चुन्याची काच आपल्या लांबीच्या सुमारे 9×10⁻⁶ पट इतकी प्रसरण पावते. प्रयोगशाळेतल्या भांड्यांची उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच तिच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने. पेटत्या कंदिलावर पावसाचा थेंब पडून काच तडकते ती म्हणूनच, आणि खानापूर तालुक्यासारख्या धो-धो पावसाच्या मुलुखात हा रोजचा प्रश्न होता. नवी काच पाण्यात घालून मंद उकळण्याची रीत घरोघरी सांगितली जाई. खरी निववणी 500 अंशांच्या वर होत असल्याने त्या उकळीने काचेतला ताण निघत नाही. फार तर आधीच कमकुवत असलेली काच घरातच फुटून बाजूला होते. तिन्हीसांजेला राख किंवा वर्तमानपत्राच्या कागदाने काजळी पुसणे हे बहुधा घरातल्या लहान मुलांचे काम, कारण लहान हात काचेत जात. येथे शब्दाचाही खुलासा हवा: ‘चिमणी’ म्हणजे सीमाभागात बिनकाचेचा रॉकेलचा दिवा, कंदिलाच्या आवरणाला ‘काच’ एवढेच म्हणतात.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात आला. तेव्हापासून या बाजारपेठेच्या नोंदी दोन राज्यांच्या गॅझेटिअरांत विभागल्या आहेत. पुढे वीज आणि यंत्राने ओतलेली काच यांनी कंदिलाची काच मागे पडली. प्रयोगशाळांत बर्नरवर नळ्या फुंकणारे कारागीर आजही आहेत. मात्र ते तयार नळीच तापवतात, भट्टीतून गोळा उचलत नाहीत.