डब्ल्यूडीएल आणि डीटीझेड: टेबलबेस बसवूनही इंजिन भरकटतं तेव्हा

स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनाला सिझिजी टेबलबेस (मोजक्या मोहऱ्यांच्या अंत्यडावांची आधीच काढून ठेवलेली अचूक उत्तरं) जोडताना होणारा घोळ बहुतेक वेळा एकाच जागी सुरू होतो. फोल्डरमध्ये एकाच नावाच्या फायलींच्या जोड्या दिसतात: एकीच्या शेवटी आरटीबीडब्ल्यू, दुसरीच्या शेवटी आरटीबीझेड. बघणाऱ्याला वाटतं, माहिती एकच, नुसते दोन फॉरमॅट. मग जागा वाचवायला अर्ध्या फायली उडवल्या जातात.

पहिली फाइल डब्ल्यूडीएलची (विन-ड्रॉ-लॉस). ती फक्त निकाल सांगते: जिंकलेली स्थिती, बरोबरी की हार. तशी उत्तरं पाच आहेत, कारण काही स्थिती एरवी जिंकलेल्या असतात, पण ५० चालींचा नियम (दोन्ही बाजूंच्या ५०-५० चालींत एकही मोहरं मारलं नाही आणि प्यादं हललं नाही तर बरोबरी) लावला की बरोबरीत सुटतात. हरणाऱ्याच्या बाजूनेही तसंच. दोन घोडे विरुद्ध एक प्यादं या डावात अशा स्थिती ढिगाने सापडतात. मात निघते, पण तिथे पोचेपर्यंत ५० चाली उलटून गेलेल्या असतात.

दुसरी डीटीझेडची (डिस्टन्स टु झीरोइंग). निकाल न बिघडवता पुढची मार किंवा प्याद्याची चाल किती अर्ध्या चालींवर (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धी चाल) आहे, ते ती सांगते. म्हणजे ५० चालींचं घड्याळ पुन्हा शून्यावर कधी येईल, एवढंच. मात किती दूर आहे, ते अंतर यात नसतं. ते जुन्या नालिमोव्ह टेबलबेसमध्ये असायचं, आणि त्या फायली स्टॉकफिश वाचतच नाही. कुठल्याही फोल्डरमध्ये टाका, उपयोग शून्य.

इंजिन या दोन्ही वेगवेगळ्या वेळी उघडतं. विचार करताना, मारामारी होऊन मोहरी कमी झाली की डब्ल्यूडीएल पुन्हा पुन्हा चाळलं जातं. म्हणून त्या फायली एसएसडीवर ठेवाव्यात. डीटीझेडची गरज पटावरची स्थितीच टेबलबेसमध्ये पोचल्यावर, चाल निवडताना पडते. ती साध्या हार्ड डिस्कवर असली तरी काही बिघडत नाही.

आता लक्षणं बघू. नुसत्या डब्ल्यूडीएल फायली असतील तर इंजिनाला आपण जिंकतोय हे पक्कं कळतं, पण पुढे सरकायचं कसं हे स्वतःच्या अकलेने शोधावं लागतं. अवघड अंत्यडावात ते तिथेच घुटमळू शकतं आणि ५० चाली संपवून बसतं. उलट नुसत्या डीटीझेड फायली असतील तर त्या असून नसल्यासारख्या. स्टॉकफिश आधी डब्ल्यूडीएल फाइल शोधतं. ती नसेल तर ते टेबल त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

सगळ्यात फसवं लक्षण टीबीहिट्सचं, म्हणजे टेबलबेसमधून किती वेळा उत्तर मिळालं हे दाखवणाऱ्या आकड्याचं. स्थिती टेबलबेसमध्ये आहे, दोन्ही फायली जागेवर आहेत, आणि तरी हा आकडा पंधरा-वीसवर अडकून बसतो. लोक लगेच सेटिंग उचकटायला घेतात. खरं तर ही सगळं ठीक असल्याची खूण आहे. इंजिनाने प्रत्येक शक्य चालीसाठी एकदा विचारलं, डीटीझेडवरून उत्तर मिळालं, आणि पुढच्या शोधात विचारणं बंद केलं. जिंकलेल्या स्थितीत आकडा भराभर वाढत राहिला, तर डीटीझेड फायली सापडतायत ना, हे आधी तपासा.

सुरुवातीला इंजिन किती टेबलबेस सापडले ते छापतं. पाच मोहऱ्यांपर्यंतच्या संचात (राजे धरून) प्रत्येक प्रकारच्या १४५ फायली असतात, सहापर्यंत ५१०. आकडा शून्य आला तर दोष बहुधा सिझिजी पाथमध्ये (फोल्डरांचे पत्ते देण्याच्या सेटिंगमध्ये) असतो. विंडोजवर दोन फोल्डरांच्या मध्ये अर्धविराम लागतो, लिनक्स आणि मॅकवर अपूर्णविराम. आणि आतली फोल्डरं इंजिन आपणहून धुंडाळत नाही, प्रत्येकाचा पत्ता द्यावा लागतो. सहा मोहऱ्यांचा संच वेगळ्या फोल्डरात ठेवून पाचांचा पत्ता द्यायचा राहिला, तरी पंचाईत होते. मार झाली की डाव खालच्या टेबलात उतरतो, आणि ते टेबल हाताशी लागतंच.

मात्र आकडा बरोबर आला म्हणून फायली धड आहेत असं समजू नका. त्या वेळी फाइल उघडते की नाही एवढंच बघितलं जातं. आतला मजकूर पहिल्यांदा गरज पडेपर्यंत तसाच राहतो. अर्धवट उतरलेली फाइल म्हणूनच ऐन डावात इंजिन बंद पाडते. एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची खूण) ताडून पाहणं हा पक्का उपाय. झटपट चाचणी हवी असेल तर फाइलचा आकार बाइट्समध्ये घ्या आणि ६४ने भागा: बाकी १६ उरली नाही, तर ती फाइल खराब. बाकी जुळली तरी मजकुराची खात्री मिळत नाही, त्यामुळे एमडी५ टाळू नये.

जागेचा हिशेब सांगायचा तर पाच मोहऱ्यांपर्यंत दोन्ही प्रकार मिळून जेमतेम १ जीबी, त्यात काटकसर कशाला? सहाला साधारण १५० जीबी लागतात. सातचा संच २०१८ मध्ये पूर्ण झाला. तो १७ टेराबाइटच्या आसपास जातो, घरच्या संगणकावर त्याचा विचारही नको.

सगळं जुळवूनही एखाद्या स्थितीत टीबीहिट्स शून्यच राहिले, तर पट मांडण्याच्या खिडकीत कॅसलिंगच्या खुणा बघा. राजा आणि हत्ती मूळ घरात असले की काही प्रोग्राम तो हक्क आपोआप टिकवून ठेवतात. सिझिजीमध्ये कॅसलिंगच्या स्थिती नाहीतच, त्यामुळे इंजिन तिकडे फिरकत नाही. खूण काढा आणि विश्लेषण पुन्हा सुरू करा.